कळप सोडून चाललोय का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

एका तालुक्याच्या गावातले ख्रिस्ती पाळक (पास्टर) लिहितात. वय ४७, सेवेला २१ वर्षं, आतापर्यंत पाच बदल्या. गावच्या मंडळीत एकशे दहा कुटुंबं, शिवाय लांबच्या दोन वाड्यांवर छोट्या मंडळ्या. रविवारी तीन ठिकाणी भक्ती, बुधवारी उपासप्रार्थना, गुरुवारी वाड्यांवर प्रार्थना चालवणाऱ्यांचा वर्ग, शनिवारी दृढीकरणाचा, म्हणजे मुलांना मंडळीचे पूर्ण सभासद होण्यासाठी तयार करण्याचा वर्ग. अधेमधे लग्नं, बाप्तिस्मे, मयती, दवाखान्यातल्या भेटी आणि चर्चच्या जागेच्या दाव्याच्या तारखा. संडे स्कूलला शिक्षक मिळत नाहीत म्हणून तेही तेच घेतात.

पुण्यातल्या एका सेमिनरीने, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाने, त्यांना जूनपासून ख्रिस्ती शिक्षण हा विषय शिकवायला बोलावलं आहे. पंधरा दिवसांत कळवायचं आहे. मंडळीचा कारभार पाहणारी पास्टोरेट कमिटी नाराज आहे. ज्यांना ते गुरू मानतात ते वृद्ध पाळक म्हणाले, 'मेंढपाळ कळप सोडत नसतो, मोलकरी सोडतो.' पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. मुलगी यंदा दहावीला जाईल.

'लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू झाल्यापासून उपदेश सुचत नाही,' ते लिहितात. 'पहाटे तीनला जाग येते. दुसऱ्यांसाठी प्रार्थना करता येते, स्वतःसाठी गुडघे टेकले की काहीच येत नाही. मला खरंच शिकवायची ओढ आहे की मी थकून पळतोय? हे विचारू तरी कोणाला? सगळे मलाच विचारायला येतात.'

उत्तर

पाळकसाहेब, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला माझे वडील आठवले. तेही पाळक होते. सोमवार त्यांच्या सुटीचा वार, पण सोमवारी सकाळी आमच्या ओसरीवर कोणी बसलेलं नाही असं मला आठवतच नाही. भांडणं, नोकरीचे अर्ज, मुलीचं स्थळ, सासूचं आजारपण, सगळं त्या ओसरीवर यायचं. आई चहाचं आधण उतरवायचीच नाही. वडिलांनी स्वतःचं काही कोणाजवळ बोललेलं मी पाहिलं नाही. त्यामुळे 'सगळे मलाच विचारायला येतात' हे तुमचं वाक्य मला नवं नाही. त्या घरात ते कोणी उच्चारत नव्हतं, एवढंच. तुम्ही ते लिहिलंत, यासाठी तुमचे मनापासून आभार.

आधी त्या 'मोलकरी' शब्दाचं बघू, कारण तोच तुमच्या छातीत रुतलाय. बायबलमधल्या योहानाच्या दहाव्या अध्यायातला मोलकरी, म्हणजे मजुरीवर ठेवलेला राखणदार, केव्हा पळतो? लांडगा येताना दिसतो तेव्हा. आणि का पळतो? त्याला मेंढरांची पर्वा नसते म्हणून. तुमच्या पत्रात मला लांडगा कुठे दिसला नाही, आणि पर्वा नसलेला माणूस सहा पानं लिहीत नाही. त्याहून एक गोष्ट मला जास्त विचार करण्यासारखी वाटते. तुम्ही याआधी पाच मंडळ्या सोडल्यात. प्रत्येक वेळी निरोपसमारंभ झाला असेल, शाल मिळाली असेल, बायका रडल्या असतील. तेव्हा तुम्हाला कोणी मोलकरी म्हटलं नाही, कारण बदलीचा हुकूम वरून आला होता. म्हणजे हुकमाने गेलो तर ती सेवा, आणि स्वतः विचार करून गेलो तर तो पळ? हा हिशेब तुम्ही न तपासता मान्य केला आहे. बोलावणं फक्त डायोसिसच्या (बिशपांच्या धर्मप्रांताच्या) पाकिटातूनच येतं, असं तुम्ही दृढीकरणाच्या मुलांना शिकवत नसाल.

तुमच्या गुरूंचा मला राग नाही. त्यांनी एकेका मंडळीत बारा-पंधरा वर्षं काढली असतील, आणि त्यांच्या पिढीची निष्ठा त्यांना याच शब्दांत सांगता येत असेल. पण त्यांचं वाक्य तुमच्या प्रश्नाला लागू पडतं का, हे तुम्हीच तपासायचं आहे.

दुसरं गृहीत आणखी खोल आहे. शिकवणं म्हणजे पाळकपणातून बाहेर पडणं, असं तुम्ही धरून चालला आहात. इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय काढा. प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक यांना मूळ ग्रीकमध्ये वेगवेगळं उपपद (इंग्रजी 'द'सारखा नामाआधीचा शब्द) आहे. 'पाळक' आणि 'शिक्षक' या दोघांना मिळून मात्र एकच आहे. ही दोन कामं एकाच माणसाची की दोन जोडीदारांची, यावर अभ्यासक वाद घालतात. पण ती एका दाव्याला बांधलेली आहेत, हे सगळेच मानतात. आपल्या मुलखात तर ती कधी सुटी झालीच नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि ४० वर्षं तिथेच राहिले. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांच्या कानात पुराणांची ओवी होती, तिची जागा रिकामी झाली होती. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. मंडळी सांभाळणाऱ्या माणसाने केलेलं ते शिक्षकाचं काम होतं. तिकडे बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी उपदेशही करत होते आणि फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवत होते. वैजनाथ पंडितांना हाताशी धरून त्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण काढलं. आणि आपले टिळक! नारायण वामन टिळक नगरच्या सेमिनरीत शिकवत, 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळत, खेड्यापाड्यांत कीर्तनं करत आणि अभंग लिहीत. यातलं कोणतं काम 'खरी सेवा' आणि कोणतं तिच्याबाहेरचं, हे त्यांना विचारलं असतं तर प्रश्नच कळला नसता, असं मला वाटतं.

आता तुमच्याच पत्रातली एक जागा तुम्हाला दाखवते. पाच पानं तुम्ही कामाची यादी द्यावी तसं लिहिलं आहे. चौथ्या पानावर गुरुवारच्या वर्गाचं आलं आणि एकदम एक गोष्ट आली. येशूने दिलेला पेरणाऱ्याचा दाखला चालला होता. वाडीवरचे एक शेतकरी म्हणाले, 'पास्टर, हा पेरणारा वाटेवर बी सांडेलच कसा? तिफणीने पेरलं तर बी तासातच पडतं.' मग तुम्ही त्यांना फोकून पेरणी कशी करतात ते हाताने करून दाखवलंत, आणि ते म्हणाले, 'असं होय! मग हा माणूस बियाण्याचा हिशेब ठेवत नाही. देव तसाच आहे म्हणायचा.' तुम्ही पुढे लिहिलंय की त्या रात्री घरी येताना मोटरसायकलवर तुम्ही एकटेच गात होतात.

ती ओढ खोटी नाही, पाळकसाहेब. पळणाऱ्याला असं गाणं सुचत नाही. ती आज सुरू झालेलीही नाही. तुम्हीच लिहिता की पहिल्या मंडळीत ६८ वर्षांच्या एका आजींना तुम्ही वाचायला शिकवलंत आणि त्यांनी नाताळच्या भक्तीत लूकचा दुसरा अध्याय वाचला. तेव्हा तुम्ही थकलेले नव्हतात, नुकतीच सेवा सुरू झाली होती. ओढ थकव्याच्या आधीची आहे, हे तुम्हाला तुमच्याच आयुष्यातून सिद्ध करता येतं.

थकवाही खराच आहे. दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि त्यांतली एक खरी ठरवण्यासाठी दुसरीला खोटं पाडायची गरज नसते. घोळ तिथेच झाला आहे. आज तुम्ही इतके दमलेले आहात की मंडळीत राहणं तुम्हाला शिक्षेसारखं दिसतं आणि पुणं सुटकेसारखं. दोन्ही चित्रं थकलेल्या डोळ्यांची आहेत. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी साधकांसाठी एक साधा नियम घालून दिला आहे: मन उजाड, कोरडं झालेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. तुम्ही प्रॉटेस्टंट असलात तरी हा नियम उसना घ्या. लेंटच्या मधोमध, झावळ्यांचा रविवार तोंडावर, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरचे उपदेश तयार करायचे, पुनरुत्थानाच्या पहाटेची भक्ती, आणि त्यात पंधरा दिवसांची मुदत. या आठवड्यांत आयुष्याचा निर्णय घेऊ नका. सेमिनरीला आजच लिहा की ईस्टरनंतर चार आठवड्यांनी कळवतो. ज्यांना पाळक घडवायचे आहेत त्यांना पाळकाचा पवित्र आठवडा म्हणजे काय, हे कळायला हवं. आणि तेवढंही थांबायची त्यांची तयारी नसेल, तर त्या ठिकाणाबद्दल तुम्हाला काही महत्त्वाचं समजलं असं धरा.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्ही किती वेळा सांगितली असेल! झुडपाखाली बसून तो मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो भाकर आणि पाणी ठेवतो, एलीया खातो आणि झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. 'एलीया, तू इथे काय करतोस?' हा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेबला पोहोचल्यावर येतो. तुम्ही मात्र भाकर आणि झोप गाळून थेट प्रश्नावर आला आहात.

म्हणून ईस्टरच्या दुसऱ्या आठवड्यापासून किमान तीन आठवड्यांची रजा मागा. बिशपांना लिहिताना 'वैयक्तिक कारण' असं लपवू नका, 'प्रकृती आणि विश्रांती' असं स्पष्ट लिहा. त्याआधी, याच आठवड्यात, डॉक्टरांकडे जा. साखर, रक्तदाब, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि पहाटे तीनला जाग येणं, शब्द न सुचणं, पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात न रमणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते डॉक्टरांना तसंच सांगा. ही नैराश्याची लक्षणं असू शकतात. त्यावर उपचार आहेत, आणि उपचार घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. मंडळीतल्या कोणाला मधुमेह झाला तर तुम्ही त्याला इन्सुलिन सोडून फक्त प्रार्थना कर असं सांगत नाही. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसतील किंवा गावात जायला संकोच वाटत असेल, तर सरकारची टेलीमानस सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं. आणि कधी जगणंच नकोसं वाटलं, तर रजेची, ईस्टरची, कशाचीच वाट पाहू नका. त्याच क्षणी फोन करा आणि पत्नीला उठवा.

पत्नीवरूनच आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. सहा पानांत त्यांच्याबद्दल एक वाक्य आहे: 'मिसेसची हरकत नसेल असे वाटते.' पाळकसाहेब, 'वाटते' म्हणजे विचारलेलं नाही. तुमच्या पाचपैकी दोन बदल्यांत त्या नोकरीसाठी मुलांना घेऊन मागे राहिल्या, हेही तुम्हीच लिहिलं आहे. पुणं म्हणजे दुसरा जिल्हा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची आंतरजिल्हा बदली कशी आणि किती वर्षांनी होते, हे त्यांना तुमच्यापेक्षा नक्की जास्त माहीत आहे. मुलगी दहावीला. घर कोण चालवणार, मुलीच्या अभ्यासाला कोण बसणार?

टिळकांचं नाव मी वर मोठ्या प्रेमाने घेतलं, पण त्यांच्याच घरातली ही गोष्ट आपण विसरू नये. १० फेब्रुवारी १८९५ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना सोबत घेऊन, विचारून तो झालेला नव्हता. पुढची काही वर्षं ते दोघं वेगळे राहिले, आणि त्या वर्षांनी लक्ष्मीबाईंचं काय केलं ते त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. पुढे १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यांच्या स्वतःच्या पावलांनी तिथवर येऊन. नवऱ्याला आलेलं बोलावणं बायकोला आपोआप आलेलं असतं असं मानायची आपली जुनी खोड आहे. माझ्या आईच्या बाबतीतही तेच झालं. महिला मंडळ, संडे स्कूल, नाताळच्या करंज्या, पाहुण्यांचे बिछाने, हे सगळं ती बिनपगारी करत राहिली आणि तिला कोणी विचारलं नाही, कारण ती 'पास्टरची बायको' होती. वडील निवृत्त झाले तेव्हा पाळकगृह महिन्याभरात रिकामं करायला सांगितलं गेलं. आईने त्या अंगणात लावलेलं लिंबाचं झाड नुकतं धरू लागलं होतं. भाड्याच्या दोन खोल्यांत गेल्यावर ती बरेच दिवस त्या लिंबांचा विषय काढायची, आणि वडील गप्प बसायचे.

तेव्हा आज रात्री जेवणं झाल्यावर पत्नीला विचारा. 'तुला चालेल का' असं विचारू नका, त्याचं उत्तर त्या सवयीने 'हो' देतील. 'तुला काय हवंय' असं विचारा आणि थांबा. उत्तर यायला दोन-चार दिवसही लागतील, कारण तो प्रश्न त्यांना बहुधा बऱ्याच वर्षांत कोणी विचारलेला नाही. मुलीलाही विचारा. तिच्या दहावीपर्यंत पुण्याला वर्षभर थांबायला सांगता येईल का, की तुम्ही आधी एकटे जाऊन शनिवार-रविवार यायचं, की त्यांनीच ठरवायचं, हे तिघांचं मिळून निघू दे.

सेमिनरीबद्दल थोडं. ती विश्रांतीची जागा आहे असं समजून जाऊ नका. तिथेही समित्या असतात, पेपर तपासायचे असतात, निधीची ओढाताण असते. वर्गात नंदुरबारकडचा मुलगा असेल ज्याच्या घरी भिल्ली बोलतात, विदर्भातली मुलगी असेल जी पहिल्यांदाच घर सोडून आली आहे, आणि रात्री अकराला दारावर टकटक होईल. ओसरी तिथेही असेलच. पण त्यातली पाच-सात मुलं उद्या तुमच्यासारख्याच वाड्यांवर जातील, आणि तिफणीने पेरणाऱ्या माणसाला पेरणाऱ्याचा दाखला कसा सांगायचा, हे त्यांना पुस्तकातून कळणार नाही. ते २१ वर्षं सेवा केलेल्या माणसाकडूनच कळेल. तुमच्या जाण्याच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटतं ते हेच. म्हणून माझा कल तुम्ही जावं याकडे आहे. विश्रांतीनंतर, घरच्यांच्या खऱ्या संमतीने, आणि मला विचाराल तर शक्यतो पुढच्या वर्षी.

जायचं ठरलं तर काही गोष्टी तोंडी ठेवू नका, लेखी मागा. नेमणूक कायमची की मुदतीची, राहायला क्वार्टर मिळणार का, भविष्यनिर्वाह निधी आणि वैद्यकीय खर्चाचं काय, आणि डायोसिसच्या पाळकांच्या यादीत तुमचं नाव राहणार का, म्हणजे परत यायची वाट उघडी राहील. पुण्यातल्या एखाद्या मंडळीत महिन्यातून दोन रविवार उपदेश करता येईल का, तेही विचारा. प्रभुभोजन देणारे हात अगदीच रिकामे झाले तर तुम्हाला ते सोसणार नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. घराचा विचारही आत्ताच सुरू करा, एखाद्या गुंठ्याचा का होईना. पैशांचं बोलणं पाळकाला शोभत नाही असं आपल्याकडे मानतात. त्या मानण्याची किंमत विधवा झालेल्या पाळकपत्नींनी मोजलेली मी पाहिली आहे.

आणि राहायचं ठरलं तर आजच्यासारखं राहू नका. निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, सांगतो की तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच बसतोस हे बरं नाही, तू आणि लोक दोघंही खचून जाल. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. 'संडे स्कूलला शिक्षक मिळत नाहीत' असं तुम्ही लिहिलंय, पण पास्टर स्वतः घेतायत म्हटल्यावर मिळतील कसे? जागेच्या दाव्याची तारीख कमिटीतल्या एकाने सांभाळावी. दवाखान्यातल्या भेटी महिला मंडळाने वाटून घ्याव्यात. सोमवारी तुमचं दार बंद असेल, मयत सोडून.

बोलायला माणूस मात्र दोन्ही वाटांवर लागेल. तो तुमच्या बदल्या करणारा नको, तुमच्या कमिटीतला नको. दुसऱ्या पंथाचे एखादे धर्मगुरू, एखादे निवृत्त पाळक, किंवा तुमच्या बी.डी.च्या (पाळकाच्या पदवीच्या) वर्गातला जुना मित्र. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दोन तास. प्रार्थना येत नाही तेव्हा त्याने तुमच्यासाठी करावी. तुम्ही हे इतरांसाठी २१ वर्षं केलंय, आता घ्यायलाही शिका.

हे वाचणारे तुमच्यासारखे बरेच असतील. पाळक, धर्मगुरू, कीर्तनकार, मदरशात शिकवणारे मौलवी, किंवा सगळ्या गावाची दुःखं ज्यांच्या ओट्यावर उतरतात असे शिक्षक. त्यांना मी काही वेगळं सांगणार नाही. पण मंडळ्यांच्या सभासदांना एक मागणं आहे. आपल्या पाळकाला येत्या रविवारी 'उपदेश छान झाला' म्हणण्याऐवजी 'तुमच्याकडचं कोणतं काम मी घेऊ?' असं विचारा, आणि जे काम सांगतील ते वर्षभर करा. मानधन पहिल्या तारखेला द्या. त्यांच्या पत्नीला कामाला लावण्याआधी विचारा.

कमिटीला तुम्ही काय सांगणार, हा शेवटचा भाग. चोरून ठरवून निरोपाच्या दिवशी सांगू नका. आत्ताच सांगा की विचार चालू आहे, रजेवर जातोय, परतल्यावर बोलू. ते चिडतील. त्यांना चिडू द्या. ज्यांनी तुमच्या हातून मुलांचे बाप्तिस्मे करून घेतले त्यांना वाईट वाटायचा हक्क आहे, आणि ते वाईट वाटणं मिटवायचं काम तुमचं नाही.

रजेच्या तीन आठवड्यांत तीन गुरुवार येतील. त्या वर्गाला सुटी देऊ नका. तिफणीबद्दल विचारणाऱ्या त्या शेतकऱ्यांनाच वर्ग घ्यायला सांगा. मोहरीच्या दाण्याचा दाखला त्यांच्या हाती द्या, आणि परत आल्यावर मागच्या सतरंजीवर बसून ऐका, ते कसा सांगतात.